रस्त्याचा पंचनामा

१८९९ साली लंडनच्या वॉरविक ट्रेडिंग कंपनीने हिंदुस्थानातली एक छोटी चित्रफीत विकायला काढली. नावेत ठेवलेला कॅमेरा गंगेच्या काठाने सरकत जातो आणि घाटाच्या पायऱ्या, छत्र्या, स्नानाला उतरलेली माणसे, काठावरच्या उंच इमारती एकामागून एक समोर येतात. हिंदुस्थानात चित्रित झालेल्या आणि आजवर टिकून राहिलेल्या अगदी जुन्या फितींपैकी ही एक. कंपनीने तिला नाव दिले ‘पॅनोरमा ऑफ कलकत्ता’. फितीतले घाट काशीचे आहेत.

काशीयात्रा करून आलेल्या कुणीही ते घाट चटकन ओळखले असते. लंडनच्या गिऱ्हाइकाला कलकत्ता काय आणि काशी काय, दोन्ही सारखीच दूर. पण चित्र कितीही खरे असले तरी त्याला जागा आणि वेळ पक्की जोडलेली नसेल तर ते पुरावा म्हणून उभे राहत नाही, हे या चुकीतून लख्ख दिसते. आपल्याकडे खरेदीखतात चतुःसीमा लिहिल्याशिवाय दस्त पुरा होत नाही. पंचनाम्यात जागा, तारीख, वेळ नसेल तर वकील त्याच्या चिंधड्या करतात. शहराच्या चालत्या चित्रांना अशी चतुःसीमा मिळायला पाऊणशे वर्षे लागली. आज महापालिका नालेसफाईचा व्हिडिओ अक्षांश-रेखांशासकट मागते, त्यामागे हा एवढा लांबचा प्रवास आहे.

मुंबई या प्रवासात अगदी सुरुवातीपासून आहे. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या फिती दाखवल्या गेल्या. त्यानंतर थोड्याच काळात हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली. डिसेंबर १९०१ मध्ये केंब्रिजहून सीनियर रँग्लर होऊन आलेल्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजप्यांचे मुंबईत स्वागत झाले, त्याचेही चित्रण त्यांनी केले. या फिती आज हाती नाहीत. त्या टिकल्या असत्या तर परांजप्यांइतकेच मोल त्यांच्या मागे दिसणाऱ्या मुंबईला आले असते.

एका रस्त्याचे चित्रण त्या रस्त्याच्या इतिहासासाठी किती मोलाचे ठरू शकते, हे पाहायला सॅन फ्रान्सिस्कोला जावे लागते. १९०६ च्या वसंतात तिथल्या माइल्स बंधूंनी केबल कारच्या पुढच्या टोकाला कॅमेरा बसवला आणि मार्केट स्ट्रीटवरून थेट फेरी बिल्डिंगपर्यंत सुमारे तेरा मिनिटांचे चित्रण केले. घोडागाड्या, सायकली, रुळांवरून बिनधास्त धावणारी पोरे, आणि मधेच कॅमेऱ्यासमोर येऊन वळसा घालून पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या त्याच त्या मोटारी. १८ एप्रिलच्या पहाटे ५ वाजून १२ मिनिटांनी भूकंप झाला. पाठोपाठ आगी लागल्या आणि त्या रस्त्याचा बराच भाग जळून गेला. मार्केट स्ट्रीटवरचा माइल्स बंधूंचा स्टुडिओही त्यात गेला. फीत वाचली, कारण ती आदल्याच दिवशी आगगाडीने न्यूयॉर्कला रवाना झाली होती.

गंमत म्हणजे फितीवर तारीखच नव्हती. अनेक वर्षे ती १९०५ च्या उत्तरार्धातली मानली जात होती. डेव्हिड कीन या चित्रपट-इतिहासकाराला ते पटेना. फितीत रस्त्यावर पाण्याची डबकी दिसतात, मग १९०५ च्या त्या कोरड्या महिन्यांत पाणी आले कुठून? त्याने जुन्या वर्तमानपत्रांतले पावसाचे आकडे चाळले. एका मोटारीच्या नंबरपट्टीवरून नोंदणीची कागदपत्रे शोधली, तर ती गाडी १९०६ च्या सुरुवातीला नोंदलेली निघाली. फेरी बिल्डिंगच्या मनोऱ्यावरचे घड्याळ, इमारतींच्या सावल्यांची लांबी, अर्धवट बांधकामे, सगळे एकमेकांशी ताडून पाहिल्यावर नक्की झाले की चित्रण भूकंपाच्या जेमतेम काही दिवस आधीचे आहे. २०१० मध्ये या फितीला अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत स्थान मिळाले.

जागेचा प्रश्न मात्र इथे आपोआप सुटला होता. केबल कार ठरलेल्या रुळांवरून, जवळपास एकाच वेगाने जाते. त्यामुळे कुठली फ्रेम कुठल्या चौकातली हे मोजून सांगता येते. भूकंपानंतर माइल्स बंधूंनी पुन्हा त्याच रस्त्याचे चित्रण केले. ती फीत शंभरावर वर्षे हरवलेलीच होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या जुन्या बाजारात तिची नऊ मिनिटे हाती लागली आणि २०१८ मध्ये लोकांपुढे आली. आता दोन्ही फिती शेजारी लावून कुठली भिंत उभी राहिली, कुठली कोसळली, हे घरागणिक पाहता येते. माइल्स बंधू धंदेवाईक माणसे होती, तिकिटे खपवायला ते चित्रण करत होते. पण त्यांच्या हातून शहराच्या नुकसानीची जी नोंद झाली, ती कुठल्याही सरकारी अहवालापेक्षा जिवंत आहे.

ही करमणूक कचेरीत शिरली ती अमेरिकेच्या महामार्ग खात्यांमुळे. १९६० आणि १९७० च्या दशकांत तिथल्या अनेक राज्यांनी ‘फोटोलॉगिंग’ सुरू केले. गाडीत ३५ मिलिमीटरचा कॅमेरा, गाडीच्या चाकाला जोडलेला मोजक, आणि मैलाच्या दर शंभराव्या भागाला, म्हणजे साधारण १६ मीटरला, एक फ्रेम. फ्रेमच्या कडेला रस्त्याचा क्रमांक, मैलाचा आकडा आणि तारीख. कुठल्या वळणावर फलक पडलाय, कुठे कठडा नाही, हे बघायला अभियंत्याला दर वेळी दीडशे मैल गाडी हाकायची गरज उरली नाही. अपघाताचा दावा न्यायालयात गेला की ‘त्या दिवशी तिथे फलक होता का’ या प्रश्नालाही उत्तर मिळू लागले.

यानंतरचा टप्पा कोलोरॅडोतल्या ॲस्पेन या डोंगराळ गावात घडला, आणि तो मुद्दाम थांबून पाहण्यासारखा आहे. १९७६ मध्ये इस्रायली कमांडोंनी युगांडातल्या एन्टेबी विमानतळावर छापा घालून ओलिसांची सुटका केली. त्याआधी विमानतळाच्या भागाची प्रतिकृती उभारून त्यांनी सराव केला होता. दर वेळी प्रतिकृती बांधण्यापेक्षा एखादी अनोळखी जागा संगणकावरच पायाखाली घालता आली तर? या विचाराने अमेरिकेच्या संरक्षण संशोधन संस्थेने, म्हणजे डार्पाने, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या आर्किटेक्चर मशीन ग्रुपला पैसे दिले. अँड्र्यू लिपमन यांच्या नेतृत्वाखाली, मायकेल नायमार्क यांच्यासारख्या तरुणांना हाताशी धरून ‘ॲस्पेन मूव्ही मॅप’ तयार झाला.

त्यांची गाडी म्हणजे मोठे जुगाड होते. टपावर १६ मिलिमीटरचे चार कॅमेरे, समोर, मागे, डावीकडे, उजवीकडे. गाडीमागे ओढत नेलेले सायकलचे एक चाक. ते चाक दहा फूट पुढे सरकले की चारही कॅमेऱ्यांना इशारा जाई आणि चार फ्रेम उमटत. गाडी वेगात असो की हळू, दोन फ्रेममधले अंतर बदलत नसे. सावल्या फार हलू नयेत म्हणून रोज सकाळी दहा ते दुपारी दोन एवढ्याच वेळात चित्रण चाले, आणि गाडी रस्त्याच्या अगदी मधोमध ठेवावी लागे. चौकातली वळणे वेगळी टिपली. मग हे सगळे लेसर डिस्कवर गेले. डिस्कच्या एका बाजूला ५४,००० फ्रेम मावत. एक डिस्क चालू असताना दुसरी पुढच्या चौकातल्या फ्रेमवर तयार राहायची, म्हणजे बघणारा डावीकडे वळला तरी चित्र तुटायचे नाही. पडद्याला बोट लावून वळता यायचे, ऋतू बदलून तोच रस्ता बर्फात पाहता यायचा, काही इमारतींच्या आत जाता यायचे, काहींची जुनी छायाचित्रेही उघडायची. हे १९७८ ते १९८० च्या दरम्यानचे. त्या काळी आपल्याकडे बहुतेक घरांत दूरचित्रवाणी संचसुद्धा नव्हता.

ॲस्पेनच्या प्रयोगात हुशारी होती ती जागेला मुख्य मानण्यात. सिनेमात फ्रेम वेळेला बांधलेली असते, सेकंदाला चोवीस. या मंडळींनी ती अंतराला बांधली. प्रेक्षक फितीच्या मागे जात नव्हता, फीत त्याच्या पावलांमागे येत होती.

सायकलचे चाक मात्र गाडी किती पुढे गेली एवढेच सांगते. पृथ्वीच्या पाठीवर ती कुठे आहे हे सांगायला उपग्रह आले. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीच्या सेंटर फॉर मॅपिंगने ‘जीपीएस व्हॅन’ रस्त्यावर आणली. तिच्यात जीपीएसचा ग्राहक, दोन डोळ्यांसारखे जोडीने बसवलेले डिजिटल कॅमेरे, दिशा सांगणारा जायरोस्कोप आणि चाकाचा मोजक होता. जोडकॅमेऱ्यांमुळे विजेचा खांब रस्त्यापासून किती दूर आहे हेही चित्रावरूनच मोजता येऊ लागले. १९९५ मध्ये जीपीएसची उपग्रहमालिका पूर्ण झाली. मे २००० च्या सुरुवातीला अमेरिकेने नागरी वापराच्या संकेतात मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली आणि तोवर शंभर मीटरपर्यंत भरकटणारा आकडा वीसेक मीटरच्या आत आला. रस्त्यावरून काढलेला व्हिडिओ ‘या गल्लीतला’ असे छातीठोकपणे सांगायला तिथून सुरुवात झाली.

त्या काळच्या साध्या हँडीकॅममध्ये अक्षांश-रेखांश लिहायला जागाच नव्हती. मग काही यंत्रकारांनी नामी तोड काढली. जीपीएसचे आकडे आवाजात रूपांतरित करून कॅमेऱ्याच्या ध्वनिपट्टीवरच नोंदवायचे. फीत पडद्यावर लावली की चित्राबरोबर जुन्या मोडेमसारखी किरकिर ऐकू येई, आणि संगणक त्या किरकिरीतून जागा वाचून नकाशावर ठिपका उमटवी. नदीकाठ, तेलवाहिन्या, वीजवाहिन्या, शहरातले रस्ते यांच्या पाहणीसाठी हे तंत्र वापरले गेले.

वरवर सोप्या वाटणाऱ्या या कामात खरी मेख घड्याळात आहे. गाडी ताशी ३६ किलोमीटरने चालली तर सेकंदाला दहा मीटर पुढे जाते. व्हिडिओच्या सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर दोन फ्रेममध्ये ४० सेंटिमीटर अंतर पडते. साधा जीपीएस मात्र सेकंदाला एकदाच जागा सांगतो, म्हणजे मधल्या चोवीस फ्रेमची जागा हिशेबाने काढावी लागते. कॅमेऱ्याचे घड्याळ एका सेकंदाने जरी मागे-पुढे असले तरी दहा मीटरची चूक होते, आणि पेठेतल्या गल्लीत दहा मीटर म्हणजे शेजाऱ्याचे घर. त्यात उंच इमारतींमध्ये उपग्रहाचा संकेत भिंतींवर आपटून येतो आणि ठिपका रस्ता सोडून कुणाच्या तरी स्वयंपाकघरात जाऊन बसतो. म्हणून चांगल्या सर्वेक्षण गाडीत आजही जायरोस्कोप असतो, आणि चाकाला मोजक असतोच.

हे सगळे सामान्य माणसाच्या हाती आले ते गुगलमुळे. गुगलचे सहसंस्थापक लॅरी पेज यांनी स्वतः गाडीतून काढलेल्या एका व्हिडिओतून स्टॅनफर्डमध्ये ‘सिटीब्लॉक’ हा संशोधन प्रकल्प उभा राहिला, आणि २५ मे २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्को, न्यूयॉर्क, लास व्हेगास, मायामी आणि डेन्व्हर या पाच शहरांपासून स्ट्रीट व्ह्यू ही गाड्या फिरवून टिपलेली रस्त्यांची दृश्ये नकाशावर दाखवणारी सेवा सुरू झाली. चेहरे पुसट करण्याची सोय पुढच्या वर्षी आली. २०१० मध्ये जर्मनीत सुमारे २,४४,००० घरांनी ‘आमचे घर पुसून टाका’ असे कळवले, आणि त्याच वर्षी या गाड्या रस्त्यावरच्या वाय-फायमधली लोकांची माहितीही गोळा करत होत्या हे उघड झाले. जर्मन माणसाचा हा संशय समजून घ्यायला हवा. घरोघरच्या नोंदी कोणाच्या हाती पडल्या की काय होते, हे त्या देशाने विसाव्या शतकात दोनदा भोगले आहे.

भारतात स्ट्रीट व्ह्यूची गाडी २०११ मध्ये बंगळूरूत फिरू लागली आणि महिन्याभरात पोलिसांनी थांबवली. २०१३ मध्ये मुंबईच्या जेनेसिस इंटरनॅशनल या कंपनीने ‘वोनोबो’ नावाने भारतीय शहरांची रस्त्यावरची दृश्ये खुली केली. २०१६ मध्ये गृहमंत्रालयाने गुगलला पुन्हा नकार दिला. १५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्राने नकाशांविषयीचे नियम मोकळे केले, पण रस्त्यावर गाडी फिरवून चित्रण करायची मुभा फक्त भारतीय कंपन्यांना ठेवली. त्यामुळे जुलै २०२२ मध्ये स्ट्रीट व्ह्यू परत आले ते जेनेसिस आणि टेक महिंद्र यांच्या चित्रणावर. दहा शहरे, १,५०,००० किलोमीटर रस्ते. त्या दहांत मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, ही महाराष्ट्राची चार शहरे होती.

सरकारी कामात मात्र चित्राला पत्ता जोडण्याची सक्ती याआधीच आली होती. प्रधानमंत्री आवास योजनेत घरकुलाच्या टप्प्याटप्प्याचे ‘जिओ टॅगिंग’ झाल्याशिवाय पुढचा हप्ता पडत नाही, हे आता खेड्यातल्या लाभार्थ्यालाही तोंडपाठ आहे. जून २०२१ मध्ये राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने प्रत्येक प्रकल्पाचे दर महिन्याला ड्रोनने व्हिडिओ चित्रण बंधनकारक केले. कंत्राटदाराने पर्यवेक्षण सल्लागाराच्या माणसासमोर चित्रण करायचे, आणि गेल्या महिन्याचा व या महिन्याचा व्हिडिओ ‘डेटा लेक’ या पोर्टलवर चढवायचा. लवादापुढे किंवा न्यायालयात हे व्हिडिओ पुरावा म्हणून वापरता येतील, हेही तेव्हाच सांगितले गेले. एका अर्थाने हा दर महिन्याचा पंचनामाच झाला.

मुंबईत हा प्रश्न जिवावर बेतणारा आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि नाले तुंबले की काय होते ते साऱ्या शहराने पाहिले. दर उन्हाळ्यात नालेसफाईचे कंत्राट निघते. पैसे मिळतात ते गाळाच्या वजनावर, वजनकाट्याच्या पावतीवर. पण गाळ एकदा डंपरमधून टाकण्याच्या जागी पडला की तो कुठल्या नाल्यातला, की नाल्यातला तरी आहे का, हे सांगायला काहीच मार्ग उरत नाही. २०१५ मध्ये नालेसफाईतला घोटाळा चौकशीत बाहेर आला आणि गुन्हे दाखल झाले. पुढे डंपरना जीपीएस आले, सफाईआधीचे आणि नंतरचे फोटो आले, आणि २०२५ च्या पावसाळ्याआधी महापालिकेने कंत्राटदारांना फोटोंबरोबर ३० सेकंदांचे व्हिडिओ देणे बंधनकारक करून ते तपासायला कृत्रिम बुद्धिमत्ता लावली. फोटोपेक्षा व्हिडिओ का? फोटोत रिकामा डंपर आणि भरलेला डंपर वेगवेगळ्या दिवशीचे असू शकतात. अर्ध्या मिनिटाच्या सलग चित्रणात गाळ उचलला जाताना आणि गाडीत पडताना दिसावा लागतो.

तरी भाबडे राहून चालणार नाही. फोटोच्या खालच्या पट्टीत गाव, तालुका, अक्षांश-रेखांश आणि वेळ छापणारी मोफत ॲप आज प्रत्येक कंत्राटदाराच्या मोबाइलमध्ये आहेत. ती पट्टी म्हणजे चित्रावर काढलेले आणखी एक चित्रच. मोबाइलला खोटी जागा सांगणारी ॲपही तितकीच सहज मिळतात. ठाण्यात बसून मुलुंडचा नाला दाखवता येतो. खात्री हवी असेल तर जागेची नोंद चित्रण होतानाच व्हिडिओच्या आत जायला हवी, फाइल तिथूनच थेट सर्व्हरवर चढायला हवी, आणि डंपरच्या जीपीएसशी, वजनकाट्याच्या वेळेशी ती ताडून पाहायला हवी. कीनने मार्केट स्ट्रीटच्या बाबतीत केले तेच हे काम, फक्त रोजच्या रोज करायचे.

आणि ताडून पाहायचा अधिकार फक्त महापालिकेला का? १३ मे २०२४ रोजी घाटकोपरच्या पेट्रोल पंपावर १२० बाय १२० फुटांचे होर्डिंग कोसळले आणि १७ माणसे गेली. मुंबईत होर्डिंगला ४० बाय ४० फुटांपर्यंतच परवानगी मिळते. पूर्व द्रुतगती मार्गावरून रोज हजारो लोकांना ते दिसत होते. शहरातल्या प्रत्येक मोठ्या रस्त्याचे दर सहा महिन्यांनी तारखेसह, जागेसह चित्रण झाले आणि ते वॉर्ड ऑफिसच्या बरोबरीने नागरिकांनाही उघडता आले, तर एखादा सांगाडा कधी उभा राहिला आणि कधी वाढला, हे विचारायला माहितीच्या अधिकाराचा अर्ज करून महिनाभर वाट पाहावी लागणार नाही. रस्त्यावरच्या माणसांचे चेहरे आणि गाड्यांचे नंबर पुसणे त्यात अर्थातच आले. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा आपल्याकडे आहे, आणि जर्मनांचा अनुभवही समोर आहे.

दुसरा प्रश्न जतनाचा. चित्रकार एड रुशे यांनी १९६६ मध्ये लॉस एंजेलिसच्या सनसेट स्ट्रिपवरच्या प्रत्येक इमारतीचे छायाचित्र छापून पंचवीस फूट लांब उलगडणारे पुस्तक काढले. छायाचित्रे चालत्या गाडीतून घेतलेली. मग पुढची चाळीस वर्षे ते त्याच रस्त्यावर पुन्हा पुन्हा जात राहिले. तो संग्रह गेटी संस्थेने घेतला, आणि २०२० मध्ये १९६५ ते २००७ या काळातली ६५,००० हून जास्त छायाचित्रे घरक्रमांकानुसार लावून सर्वांसाठी खुली केली. एका दारासमोर उभे राहून वर्षे बदलत जायची सोय त्यात आहे.

गिरगावात आणि काळबादेवीत मेट्रो-३ च्या स्थानकांसाठी जुन्या चाळी पाडल्या गेल्या. जिथे दोन-तीन पिढ्या गेल्या ते जिने, ते सज्जे, ती दुकाने आता नाहीत. अशा कामांत मोजणीदार, सल्लागार, कंत्राटदार सगळेच चित्रण करतात, आणि देयक मंजूर झाले की त्या हार्ड डिस्ककडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. पुण्याच्या पेठांत, नाशिकच्या गोदाकाठी, कोल्हापूरच्या पंचगंगेवर हीच गत आहे. मुंबईच्या पुराभिलेखागाराची स्थापना १८२१ ची. दोनशे वर्षांपूर्वीची कागदपत्रे तिथे आजही मागून वाचता येतात. रस्ता खोदायच्या किंवा इमारत पाडायच्या प्रत्येक निविदेत एक कलम वाढवता येईल: आधीचे, कामाचे आणि नंतरचे जागा-वेळेसह केलेले मूळ चित्रण, त्याच्या जीपीएस नोंदीसह, काम संपल्यापासून तीन महिन्यांत पुराभिलेखागाराकडे जमा करावे, आणि त्याची पोच जोडल्याशिवाय शेवटचे देयक काढू नये.